मुक्ताच्या रुखवतातले मेथीचे लाडू

मु. खैरवाडी, ता. पाथर्डी
चैत्र महिना, सन १९७३

तीर्थरूप राहीआक्कास,

धाकट्या झुंबरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पायांवरच ठेवलं आहे, गुडघ्याला धक्का लागू दिलेला नाही.) इकडं आम्ही सगळी, दोन बैल, एक शेळी आणि शेळीपेक्षा जास्त खाणारे उंदीर धरून, खुशाल आहोत. तिकडं तू, दाजी, भागू सूनबाई आणि पोरंबाळं कोपरगावच्या पाटाच्या पाण्यावर सुखात असाल. तुझं पत्र पावलं. कानिफ तुझ्याकडं उसाचं वाढं आणायला आला, त्यानं माझा डबा तुझ्या हातात दिला, ‘आईनं लाडू दिल्यात’ एवढंच बोलून बैलांमागं गेला, आणि ते लाडू खाऊन तुझा गुडघा हलका झाला, हे सगळं वाचलं. वाचून मला काय वाटलं ते शेवटी लिहीन, कारण त्याला जरा जागा लागेल. वाढ्याबद्दल तुझे उपकार. बैलांनी ते असं खाल्लं की मला त्यांच्या तोंडाकडं बघून रडू आलं.

भागू, बाळा, हे पत्र तूच वाचणार हे मला ठाऊक आहे. तर कंसातलं सुद्धा मोठ्यानं वाच, गाळू नको. मागच्या खेपेला तू कंस गाळलेस म्हणून आक्काला माझं पत्र अर्धंच कळलं. गुरुजींनी रात्रीच्या वर्गात आम्हा बायांना कंस शिकवला तेव्हापासून माझी लई सोय झाली आहे. फडताळात जिन्नस ठेवावा तसं मनातलं काहीही त्यात ठेवता येतं. (गुरुजींनी असंही सांगितलं आहे की बोलताना ‘हाय’ म्हटलं तरी लिहिताना ‘आहे’ लिहायचं. मी लिहिते. पण एखाद्याचं बोलणं लिहायचं तर तो बोलला तसंच लिहीन, नाहीतर ते माणूस मला तोंडावळ्यानं ओळखू येत नाही.)

आक्का, मुक्ताचं लग्न झालं. माझी नात राहुरीकडं नांदायला गेली, सुखात आहे, आणि मला आता झोप लागते. कानिफनं तुला लग्नाचं सांगितलं असेलच, पण त्याचं सांगणं म्हणजे ‘झालं, बरं झालं’. पोरगा पहिल्यापासून तसाच. त्याचा बाप गेला तेव्हासुद्धा तो तुमच्या दारात येऊन नुसता उभा राहिला होता, आणि तूच त्याच्या तोंडाकडं बघून ओळखलंस. तर झालं कसं ते मी सांगते. तुझा गुडघा त्या वेळी सुजलेला होता म्हणून तू आली नाहीस, तुझं पाटावरचं जेवण वाया गेलं. (वाया गेलं म्हणजे मीच जेवले.)

सुपारी फुटली तेव्हाच मला रुखवताची काळजी लागली. तुला आपल्या वेळचं आठवतं ना? आईनं तुझ्या लग्नात पाच पाट्या भरून रुखवत नेलं होतं. लाडू, करंज्या, अनारसे, सांडगे, आणि एक पाटी नुसती कानवल्यांची. वाजंत्री पुढं, बाया मागं, आणि जानोशात नवरदेवाच्या मित्रांनी सगळं बसल्या बैठकीला संपवलं. यंदा काय आहे? विहिरींना खडक लागला. घरातली सगळी तलावाच्या दुष्काळी कामावर, पदरात पडते ती लाल मिलो ज्वारी, आणि पोरांना सुकडीची पूड. साखर हा शब्द कुणाच्या तोंडून हळूसुद्धा ऐकू येत नाही. कानिफ म्हणाला, रुखवत-बिखवत काही नाही, पाव्हणेसुद्धा समजून घेतील. ते मला पटलं असतं. पण मुक्ताच म्हणाली, “नको गं आजी रुखवत, काय करायचं?” हे ती भाकरी थापताना म्हणाली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आक्का, ज्या पोरीनं लहानपणी दुसऱ्याच्या लग्नातल्या रुखवताच्या पाटीत तोंड घालून अख्खी करंजी पळवली होती, तिनं ‘नको’ म्हणावं? माझ्या काळजाला ते लागलं. रिकाम्या हातानं गेलेल्या सुनेला सासरी वर्षभर मान खाली घालून पाणी भरावं लागतं, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. त्यातून पाणी राहुरीचं, म्हणजे भरपूर. मान वर व्हायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर मातीची पाटी डोक्यावर घेऊन चालले होते. माझी पाटी फुटकी, भोकातून माती सांडून पदरात. मनात आलं, आई सुपाला, पाटीला भोकं पडली की कशी बुजवायची? तू उखळाशी बसायचीस आणि मी मुसळ उचलता येत नाही म्हणून नुसती ‘हुं हुं’ करायचे, आठवतं? रद्दी कागद भिजत घालायचे, मेथ्या टाकायच्या, कुटून कुटून लोण्यासारखा लगदा करायचा आणि लिंपायचा. मेथीनं तो चिकटही होतो आणि कीड लागत नाही. मी तिथंच थांबले. मागची बाई माझ्यावर आदळली, तिच्यामागची तिच्यावर, आणि मुकादम शिट्टी फुंकत धावत आला, त्याला वाटलं कुणाला ऊन लागलं. ऊन नव्हतं लागलं, आक्का, सुचलं होतं. लगद्यानं भोक बुजतं तर लगद्याची पाटीच का होऊ नये? पाटी होते तर पाटीतला जिन्नस का होऊ नये?

मग मी कागदाच्या मागं लागले. कागद म्हणून किती असतो गावात, आजवर दिसलाच नव्हता! वाण्याच्या पुड्या, जुनी पंचांगं, बियाणाची पत्रकं, पोरांच्या गणितं चुकलेल्या वह्या. शिवाय गेल्या वर्षीच्या निवडणुकीची गुलाबी पत्रकं, जी उभे राहणाऱ्यांनी पोत्यानं वाटली होती. त्यांत रस्ता, वीज, पाणी, सगळं होतं. आमच्याकडं त्यातलं पत्रक तेवढं पोचलं. गावातली पोरं मला ‘कागदवाली म्हातारी’ म्हणायला लागली. वाऱ्यानं एखादा कपटा उडाला की पोरं ओरडायची, “आज्जे, तुजं पाखरू चाललं!” आणि मी खरंच धावायचे. कानिफची विड्यांची पुडकी मी कागदासाठी रिकामी केली, विड्या तशाच कोनाड्यात मांडून ठेवल्या. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. (तो एरवीही बोलत नाही, म्हणून मला उशिरा कळलं.)

पाण्याचं मात्र अवघड होतं. माझी सून लंका, मनानं चांगली, तोंडानं फटाकडी, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मान्साला प्यायला न्हाई अन् आमच्या आत्याबाई कागदाला पानी पाजत्यात. उद्या भाकरीबी कागदाची थापतील.” मी म्हटलं, प्यायच्या पाण्यातला एक थेंब घेतलेला नाही. हे खरं होतं. मग कुठलं घेतलं ते तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पण गंमत अशी की ज्या दिवशी पहिली पाटी पालथ्या पातेल्यावरून निघाली, ती हातात घेऊन लंका उन्हात उभी राहिली आणि तिनं ती वाजवून बघितली. टणटण वाजली. दुसऱ्या दिवशी तलावावरून आली तेव्हा तिच्या कमरेला सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद खोचलेला होता. “वाटंत पडला हुता,” म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही दोघी सासू-सुना उखळाच्या दोन्ही अंगांना. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या उखळापाशी बोललो. मुक्ता येऊन बसायची, हळूहळू हसायची, मग तीही हात घालायला लागली. आम्ही कागदाची विहीर केली, तिला रहाट तिनं केला. दोरा ओढला की फिरतो.

मी मोर केला. आक्का, तुझ्यापासून काय लपवू, तो कोंबडी झाला. पिसारा उभाच राहीना, ओला लगदा खाली बसे. लंका म्हणाली, कोंबडीच म्हणा अन् मोकळं व्हा. पण रुखवतात कोंबडी कशी ठेवायची? पाव्हणे पंगतीत तिची वाट बघतील. तेव्हा मला दुसरं सुचलं. गुरुजींनी अक्षरं शिकवली आहेत तर ती कुठं घालवायची? प्रत्येक जिनसावर एक चिठ्ठी लिहायची, बाभळीच्या काट्याला टोचून. मोरावर लिहिलं:

‘मोर बसला पिसारा मिटून,
पाऊस आला की दावील उलगडून.’

लिहून झाल्यावर मी पुन्हा बघितलं तर तो खरंच मोर दिसायला लागला! चिठ्ठीत एवढी ताकद असते हे मला म्हातारपणी कळलं. मग तर मला उठता-बसता सुचायला लागलं. पाटी उचलताना एक ओळ, टाकताना दुसरी. विसरू नये म्हणून घरापर्यंत पुटपुटत यायचे, आणि वाटेत कुणी ‘काय झुंबरबाई, जेवलात का?’ विचारलं तर उत्तरात मोराचीच ओळ तोंडातून निघायची.

आता लाडवांचं. ते सगळ्यात शेवटी, लग्नाच्या आदल्या दिवशी केले. पाट्या झाल्या, विहीर झाली, मोर झाला, पण गोड जिन्नस नसेल तर त्याला रुखवत म्हणायचं कसं? ताटभर लाडू तरी दिसावेत. घाईत मेथ्या मूठ-दोन मूठ जास्त पडल्या. लगदा सैल झाला म्हणून बाभळीचा डिंक घातला. रंगाला हळद. वर चकाकी यावी म्हणून गुळाचं पाणी करून हातानं चोळलं. वाळायला वेळ नव्हता, बाहेरून सुकले, आतून ओलेच. पण दिसायला असे झाले की कुणीही ताटाकडं हात न्यावा. म्हणून मी पाव्हण्यांच्या भल्यासाठी चिठ्ठी लिहिली, ठळक, शाई दोनदा फिरवून:

‘लाडू केला कागदाचा, मेथी घातली मूठभर,
डोळ्यानं खावा पाव्हण्यांनी, तोंडात नको चिमूटभर.’

आणि निवांत झाले. मला वाचता येतं, म्हणजे आता सगळ्या जगाला वाचता येतं, असं मी कसं धरून चालले ते देवालाच ठाऊक.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. वाजंत्री पुढं घालून आम्ही पाट्या नेल्या, घोंगडीवर मांडल्या, वरचं पातळ काढलं, आणि आक्का, सगळी शाळा पुढं सरकली. मग एकदम गलका. बाया वाकून वाकून बघतायत, कुणी रहाट फिरवतंय, कुणी पाटी वाजवतंय. नवरदेव, सहादेव, सातवीपर्यंत शिकलेला, तो एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवत होता. मोराची वाचली तेव्हा त्याची सगळी मित्रमंडळी हसली, आणि मांडव शाळेपुढंच होता, त्यामुळं शाळेच्या दाराआडून आमची मुक्तासुद्धा. मी पदरात तोंड घालून हसून घेतलं. म्हटलं, झुंबरे, जिंकलीस.

तेवढ्यात रंगुबाई उठली. ही नवरदेवाची आजी. तिच्याबद्दल तुला सांगायला हवं. घरात तिचा शब्द शेवटचा. तिची सून बायडाबाई, म्हणजे आमची विहीण, एवढी धिप्पाड बाई, पण सासू खाकरली की तिच्या हातातलं भांडं पडतं. रंगुबाईनं स्वतःच्या धाकट्या लेकाच्या लग्नात भात कच्चा निघाला म्हणून अख्खं वऱ्हाड गाड्यांत बसवलं होतं, नवरदेव मुंडावळ्यांसकट. ते लग्न पुढं झालं, पण दुसऱ्या गावात, दुसऱ्या मुलीशी. तर ही रंगुबाई, कमरेत वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पुढं दोन दात, काठी टेकत आली ती मेथीच्या वासावर, थेट ताटापाशी. रुखवताचा पहिला घास घरातल्या मोठ्या माणसाचा, हा रिवाजच आहे. तिनं लाडू उचलला.

मी पलीकडच्या भिंतीशी होते. ओरडणार होते. पण आक्का, ओरडून म्हणू काय? ‘थांबा विहीणबाई, तो कागद आहे’? भर वऱ्हाडात, वाजंत्री चालू असताना? मोठ्या माणसाच्या तोंडचा घास काढायचा आणि वर सांगायचं की आम्ही तुमच्यापुढं कागद वाढलाय? माझा विचार होईपर्यंत तिनं दोन दातांनी लाडू फोडला. लंकेनं माझा दंड धरला. तिच्या नखांचे वण अजून आहेत, येशील तेव्हा दाखवीन.

त्याच वेळेला सहादेव वाचत वाचत लाडवांच्या चिठ्ठीपाशी आला होता. “लाडू केला का...” एवढं त्याच्या तोंडून निघालं, आणि त्यानं वर बघितलं. आजी चघळतेय. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय तोंड केलं असेल ते मला ठाऊक नाही, पण त्यानं ते वाचलं. चिठ्ठी काट्यासकट उपटली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. मित्र म्हणाले, अरे, पुढं वाच की. तो म्हणाला, “अक्षर पुसलंय.” (शाई दोनदा फिरवलेली होती, आक्का!)

रंगुबाई चघळतच होती. शेळी पाला चघळते तशी, एका गालातून दुसऱ्या गालात. मग तिनं विचारलं, “लाडू कुनी केल्यात?”

मी म्हटलं, “म्या.”

“खारीक न्हाई घातली.”

“न्हाई.”

“भुईमुगाचा दानाबी न्हाई.”

“न्हाई, विहीनबाई.”

“तूप तर नावालाबी न्हाई. मंग ह्यो मऊपना कशाचा?”

मुक्ता दाराआड पांढरीफटक. कानिफ लांब बैलगाड्यांपाशी, त्याला कसली खबर नाही. मी देवीचं नाव घेतलं आणि तोंडाला आलं ते खरंच बोलले, “लई कुटलंय, विहीनबाई. उखळात.”

म्हातारी हसली! दोन दात लखलखले. म्हणाली, “आत्ताच्या बायांला कुटाया नगं. डिंक हाय, मेथी हाय, गूळ हाय, अन् हाताला जोर हाय तुज्या. दुष्काळात लाडू खाऊ घातलास, बाई, माजी कंबर दुवा दील.” आणि तिनं दोन लाडू पदराला बांधले.

तिचं काही चुकलं नव्हतं, आक्का. डिंक होता, मेथी होती, गूळ होता, हळदसुद्धा होती. नुसतं पीठ तेवढं नव्हतं. पण ते राहू दे. खरी गोष्ट पुढं आहे. रंगुबाईनं उरलेला अर्धा लाडू नवरदेवाच्या तोंडापुढं धरला. “खा रं. कंबरंला बरं असतंय.” सहादेवाच्या खिशात माझी चिठ्ठी होती. तोंडात घालायचं ते काय आहे, हे त्या शाळेत माझ्या घरच्यांशिवाय एकट्या त्याला ठाऊक होतं. त्यानं एकदा आजीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तोंड उघडलं. मी त्याच्या नरड्याकडं बघत होते. घाटी वर गेली, थांबली, खाली आली. म्हणाला, “चांगला हाय, आज्जी.” मग त्यानं पाण्याचा तांब्या मागितला आणि अख्खा प्यायला.

त्या क्षणी मी निर्धास्त झाले. पत्रिका, छत्तीस गुण, सगळं गुंडाळून ठेव. जो नवरदेव सासरवाडीच्या म्हातारीची लाज राखायला बोहल्यावर चढायच्या आधी कागद गिळतो, त्याच्या घरात माझ्या मुक्ताची मान खाली जायची नाही.

लग्न लागलं. मुक्तानं नाव घेतलं, मी शिकवलेलं नव्हे, तिथंच सुचलेलं: ‘कागदाच्या विहिरीला कागदाचाच रहाट, सहादेवरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.’ बायडाबाईनं तिला कुशीत घेतलं आणि कागदाची विहीर स्वतःच्या मांडीवर ठेवून गाडीत बसली. कुणाला हात लावू देईना.

पण वऱ्हाड गेलं आणि मला दुसरी धडकी भरली. म्हातारीच्या पोटात अर्धा लाडू गेला होता आणि दोन पदराला होते. निवडणुकीची पत्रकं कागदावर असतानाच कुणाला पचली नव्हती, ती म्हातारीच्या पोटात कशी पचतील? मी तलावावर पाटी उचलायची आणि मनात म्हणायची, आत्ता खबर येईल. राहुरीकडचं कुणी वाटेनं दिसलं की मी बांधाआड बसायची. देवीला बोलले, म्हातारी वाचू दे, मी आयुष्यात पुन्हा गोल जिन्नस वळणार नाही.

मांडवपरतणीला मुक्ता आणि जावई आले. मुक्ता हसत हसत गाडीतून उतरली, तेव्हा माझा निम्मा जीव खाली पडला. आणि उरलेला निम्मा तिनं कानात सांगितल्यावर. रंगुबाईला किती दिवसांची पोटाची तक्रार होती, आक्का, काढे झाले, एरंडेल झालं. माझे लाडू खाल्ले आणि (भागू, हे जरा हळू वाच) दुसऱ्या दिवशी सकाळी ती जी तांब्या घेऊन गेली ती हसतमुखानं परत आली. पोट हलकं तर कंबर हलकी. आता काठी न घेता मळ्यापर्यंत जाते आणि गावाला सांगते, नातसुनेच्या आजीच्या हातचा गुण. बायडाबाईच्या हातातली भांडी पडायची थांबली. मुक्ताच्या डोक्यावरचा पदर जागेवर आणि मान सरळ. मी त्या दिवशी दुपारी जी झोपले ती लंकेनं दिवेलागणीला उठवलं.

आता घरोघरच्या बाया माझ्याकडं येतात. कुणाला ओटीसाठी कागदाची परडी, कुणाला बारशाची चिठ्ठी. लंका लगदा कुटते, मी वळते आणि लिहिते. आधी वाटायचं, घरात काही असेल तरच दुसऱ्याला देता येतं. आता वाटतं, घरात काही नसलं की हात मोकळे असतात, आणि मोकळ्या हातांना काहीतरी सुचतंच. दुष्काळात माणसाला भेट द्यायला यावं, हे केवढं सुख आहे! देवीला बोललेलं मी मोडलं नाही. परड्या चपट्या करते.

दाजींना नमस्कार. पोरांना पापे. दिव्यात तेल संपत आलं आहे म्हणून थांबते, सांगायचं संपलं म्हणून नाही.

तुझ्या पायांची धूळ,
झुंबर

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. मांडवपरतणीला मुक्तानं गूळ, कणीक, खारीक, थोडं तूप असं आणलं होतं. त्याचे मी रंगुबाईसाठी खरे मेथीचे लाडू केले आणि मुक्ताला पोचवायला गेलेल्या कानिफबरोबर धाडले, म्हटलं मनावरचं ओझं उतरलं. (हे गोल जिन्नस वळणं देवीनं माफ करावं, हे पोटासाठी होतं.) परवा जावईबापूंचं कार्ड आलं, त्यांच्या अक्षरात असं: ‘आजीचे म्हणणे, पहिल्यासारखे झाले नाहीत, कंबर पुन्हा धरली. पहिल्या लाडवांतला एक जिनस या खेपेस कमी पडला असावा. तो जिनस मला ठाऊक आहे. आपण काय ते बघावे.’ तर आक्का, तुमच्याकडं ती गुलाबी पत्रकं पोतंभर पडून असतील ती एस.टी.नं पाठव. स्वच्छ बघून पाठव. मी असं ठरवलं आहे की पहिल्या डब्यात कागद जास्त आणि पीठ कमी, पुढच्यात पीठ जास्त आणि कागद कमी, असं करत करत म्हातारीला कळायच्या आत खऱ्या लाडवावर आणायचं. लेकराला अंगावरून तोडतात तसं.

आणखी ता. क. : मुक्ताला पोचवून कानिफ तसाच पुढं तुझ्याकडं वाढ्याला आला, तेव्हा निघताना त्याच्याजवळ दोन डबे होते. खऱ्या लाडवांचा रंगुबाईला. तुझ्यासाठी मी रुखवतातले उरलेले, वळचणीला जपून ठेवलेले दिले होते, की आक्काला लग्नाला येता आलं नाही तर निदान बघायला तरी मिळावेत. तुझा गुडघा हलका झाला याचा मला आनंदच आहे. लाडवांची चिठ्ठी मी पुन्हा लिहून डब्याच्या तळाशी घातली आहे, ती भागूला वाचायला लाव. पाणी कुठलं वापरलं होतं ते मात्र दोघींनीही विचारू नका.